डार्नल्डने माती खाल्ली, मान्य. पण...

या वीकेंडला (जानेवारी २०२५ चा पहिला) मी दोनदा हरलो. शनिवारी रात्री सिडनी टेस्ट गेली, सिरीज ३-१, दहा वर्षांनी ट्रॉफी परत ऑस्ट्रेलियाकडे. म्हणलं चला, रविवार आहे अजून. तर रविवारी रात्री अमेरिकन फुटबॉलमध्ये डेट्रॉइटने डार्नल्डच्या, म्हणजे आमच्या व्हायकिंग्जना ३१-९ असं धुतलं की शेवटची दहा मिनिटं मी भांडी घासत नुसतं कानाने ऐकलं. बायको म्हणाली, तुझ्या दोन्ही टीम एकदम कशा रे मरतात.

सांगलीच्या मंडळींसाठी आधी थोडं. हा तो अंड्यासारख्या बॉलचा फुटबॉल. मी मिनियापोलिसच्या बाजूला राहतो, बारा वर्षं झाली, इथं जानेवारीत बाहेर नाक गोठतं त्यामुळे माणूस घरात बसून एकतर वजन वाढवतो नाहीतर व्हायकिंग्ज बघतो. मी दोन्ही करतो. या खेळात क्वार्टरबॅक म्हणजे कॅप्टन, ओपनर आणि शेवटच्या ओव्हरचा बोलर, तिन्ही एकाच शर्टात. प्रत्येक डावपेच त्याच्या हातातून सुरू होतो. त्यामुळे जिंकलं तर तो जिंकला आणि हरलं तरी तोच हरला, बाकीचे ५२ जण जणू डबे घेऊन आलेले.

तर आमचा क्वार्टरबॅक सॅम डार्नल्ड. २९ डिसेंबरला ग्रीन बेला २७-२५ हरवलं, ३७७ यार्डांचे पास, ३ टचडाउन (म्हणजे बॉल समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये पोचवणं), ड्रेसिंग रूममध्ये पोरांनी त्याला उचलून घेतलं, पाणी ओतलं, सगळं आपल्या दहीहंडीसारखं. आमच्या इथल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर (मराठीच सगळे, पुणे-नगर-नागपूर, दोघं बेळगावचे) त्या रात्री हिशेब चालू होते की याला तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट द्यायचं का पाच. मग सातच दिवसांनी, ५ जानेवारीला, डेट्रॉइट. दोन्ही टीम १४-२ (१४ जिंकलेल्या, २ हरलेल्या). जो जिंकेल तो डिव्हिजन (आपला गट) जिंकणार, पहिलं सीड (प्लेऑफमधला पहिला नंबर) घेणार, एक आठवडा सुट्टी, पुढच्या मॅच घरी. जो हरेल तो पाचवा. म्हणजे १४ मॅच जिंकूनही आता येत्या सोमवारी १०-७ वाल्या रॅम्सच्या दारात जायचं, कारण त्यांनी त्यांची डिव्हिजन जिंकलीय. हा नियम कोणत्या शहाण्याने केला त्याला एकदा आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायला लावला पाहिजे. असो.

डार्नल्डने ४१ पास टाकले, १८ पोचले, १६६ यार्ड. एकही टचडाउन नाही. आमचे नऊच्या नऊ पॉइंट किकरचे, म्हणजे खांबांमधून बॉल लाथाडणाऱ्याचे. एंड झोनमध्ये मोकळ्या माणसांच्या डोक्यावरून बॉल गेले, ते तर माझी मुलगी पण बघून म्हणाली, बाबा तो तिथे उभा होता ना. हो बाळा उभा होता. मी काही वकिली करायला बसलेलो नाही, तो वाईट खेळला, माती खाल्ली, मान्य.

पण त्याच रात्री ग्रुपवर जो पंचनामा सुरू झाला त्यातलं वाक्य हे नव्हतं की आज वाईट खेळला. वाक्य होतं, हा मोठ्या मॅचचा माणूसच नाही. आणि प्रामाणिकपणे सांगतो, हे दुसरं वाक्य सगळ्यात आधी मीच टाइप केलं होतं, चौथा क्वार्टर पूर्ण व्हायच्या आधी. सकाळी उठून परत वाचलं तेव्हा जरा लाज वाटली, कारण ही दोन फार वेगळी वाक्यं आहेत. पहिलं एका मॅचबद्दल आहे. दुसरं म्हणजे माणसाची जातकुंडली मांडणं.

याच माणसाची कुंडली अमेरिकेने २०१९ मध्येच एकदा मांडलीय. न्यूयॉर्क जेट्सने २०१८ ला ड्राफ्टमध्ये (टीम नंबराने नवी पोरं निवडतात तो) तिसऱ्या नंबरवर घेतलेला, एकवीस वर्षांचं पोरगं. एनएफएलमधला (म्हणजे या लीगमधला) त्याचा पहिलाच पास समोरच्याने पकडला आणि थेट टचडाउन केलं (आणि मैदान कोणतं, तर हेच डेट्रॉइटचं, योगायोग बघा). पुढच्या वर्षी न्यू इंग्लंडने जेट्सना ३३-० ने झोपवलं, याचे चार पास समोरच्यांनी पकडले, त्या दिवशी टीव्हीवाल्यांनी त्याला माईक लावलेला होता आणि बेंचवर बसून तो बोलून गेला की मला भुतं दिसतायत. झालं. पुढची पाच वर्षं तो माणूस म्हणजे ते एक वाक्य. जेट्स, मग कॅरोलायना, मग सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॉक पर्डीच्या मागे बेंचवर. तो पर्डी तर २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा. तिसऱ्या नंबरचा माणूस २६२ व्या नंबरच्या माणसाला पाणी देत होता.

आमच्याकडे तो आला तो पण बदली म्हणून, एक वर्षासाठी, १ कोटी डॉलरवर, जे क्वार्टरबॅकच्या बाजारात म्हणजे भंगारभाव. खेळायचं होतं नव्या पोराने, जे.जे. मॅकार्थीने, त्याचा गुडघा ऑगस्टमध्येच गेला. मग याने ४३१९ यार्ड आणि ३५ टचडाउन मारले. ८ डिसेंबरला तर मजाच, आमचा जुना क्वार्टरबॅक कर्क कझिन्स अटलांटाची जर्सी घालून आमच्या स्टेडियममध्ये आला, चार वर्षांचे १८ कोटी डॉलरवाला, आणि डार्नल्डने ५ टचडाउन मारून ४२-२१ ने हरवला. दोन आठवड्यांत अटलांटाने कझिन्सला बेंचवर बसवलं. त्याच्यावर पण आम्ही सहा वर्षं हाच शिक्का मारला होता बरं का, रात्रीच्या मॅच खेळता येत नाहीत म्हणून.

हे सगळं लिहायचं खरं कारण समोरच्या टीमचा क्वार्टरबॅक. जॅरेड गॉफ. २०१६ चा पहिल्या नंबरचा पिक, रॅम्सला घेऊन सुपर बोलपर्यंत (म्हणजे लीगच्या फायनलपर्यंत) गेला आणि तिथे १३-३ ने हरला, अख्ख्या मॅचमध्ये ३ पॉइंट. तेव्हा काय काय बोललं गेलं, हा कोचचा पोपट आहे, कोच कानात सांगतो तेवढंच करतो. (हेल्मेटमध्ये स्पीकर असतो, कोच डावपेच सांगतो, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो, पुढे त्याचा तोच. त्यावरून टोमणा की १५ सेकंदांनंतर गॉफ पण बंद.) २०२१ ला रॅम्सने त्याला अक्षरशः ओझं म्हणून डेट्रॉइटला दिला, वर ड्राफ्टचे पिक (नवी पोरं निवडायचे हक्क) दिले आणि मॅथ्यू स्टॅफर्ड घेतला. स्टॅफर्डवर तेव्हा काय शिक्का? की बारा वर्षं डेट्रॉइटमध्ये घालवून प्लेऑफची एक मॅच जिंकली नाही. तो पहिल्याच वर्षी सुपर बोल जिंकला. मग गेल्या जानेवारीत हेच रॅम्स, हाच स्टॅफर्ड, डेट्रॉइटला आले आणि गॉफने त्यांना २४-२३ हरवलं. डेट्रॉइटचा ३२ वर्षांतला पहिला प्लेऑफ विजय. अख्खं स्टेडियम गॉफच्या नावाने ओरडत होतं. आता सांगा, यातला मोठ्या मॅचचा माणूस कोण? दोघंही? दोघंही नाही?

आणि सोमवारी आमच्यासमोर तोच स्टॅफर्ड.

रविवारी नक्की काय झालं ते पण बघायला पाहिजे, नुसतं हिंमत नाही, जिगर नाही म्हणून होत नाही ना. डेट्रॉइटचा सगळ्यात चांगला डिफेन्सवाला एडन हचिन्सन ऑक्टोबरपासून पाय मोडून बाहेर. चार माणसांत क्वार्टरबॅकपर्यंत पोचता येत नाही म्हणून त्यांचा डिफेन्सचा कोच एरन ग्लेन सरळ पाच-सहा माणसं अंगावर सोडत होता, मागे एकास एक. हा जुगारच. मागे एक माणूस सुटला की टचडाउन. पण त्यासाठी बॉल टाकायला वेळ पाहिजे आणि असल्या हल्ल्यात मिळतात दोन-अडीच सेकंद. डार्नल्डचे पाय घाईत, पाय घाईत की बॉल उंच. समोर माणूस मोकळा दिसत असून बॉल वरून गेला त्याचं कारण बरंचसं हे. आता हे दुरुस्त होतं की नाही हा खरा प्रश्न, कारण सोमवारी रॅम्स पण हाच व्हिडिओ बघून येणार. त्यांचं पोरांचं डिफेन्स आहे पण पोरं पळतात. मला भीती आहे, खोटं कशाला बोलू. आमची लाइन (क्वार्टरबॅकच्या पुढे उभी राहून त्याला वाचवणारी फळी) नाही टिकली तर परत हेच होईल आणि मग लोक म्हणतील बघा आम्ही सांगितलं होतं. सांगितलं होतं काय? तुम्ही लाइनबद्दल सांगितलंच नव्हतं, तुम्ही काळजाबद्दल सांगितलं होतं.

सध्या टीव्हीवर दिवसभर दुसरं दळण चालूय, क्वार्टरबॅकमध्ये भारी कोण, लमार जॅक्सन का जॉश ॲलन. लमारचे या सीझनला ४१ टचडाउन पास आणि फक्त ४ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास), वर पळून ९१५ यार्ड. पण प्लेऑफमध्ये २-४, की संपलं. ॲलन प्लेऑफमध्ये ५-५, त्या पाचातल्या तीन हारी एकट्या महोम्सच्या (कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक) हातून. म्हणून दोघांच्या नावापुढे 'पण' लावतात. आणि महोम्स? त्याचे या वर्षी २६ टचडाउन, ११ इंटरसेप्शन, आकडे बघितले तर साधेच. त्याला कोणी विचारत नाही. आणि विचारू पण नये, तीन सुपर बोल आहेत घरात. पण पहिल्याच आठवड्यात लमारच्या शेवटच्या पासवर त्याच्या माणसाचा पायाचा अंगठा रेषेवर पडला म्हणून टचडाउन गेलं आणि कॅन्सस सिटी २७-२० जिंकली. नोव्हेंबरमध्ये डेन्व्हरची शेवटच्या सेकंदाची किक एका हाताला लागून अडली, १६-१४. महोम्स तेव्हा बाहेर उभा राहून बघत होता, माझ्यासारखाच, फक्त त्याच्याकडे भांडी नव्हती. त्या दोन्ही त्याच्या खात्यात जमा. जिंकायची सवय म्हणतात त्याला.

आमच्या शहरालाच याचा सगळ्यात मोठा किस्सा माहितीय. फेब्रुवारी २०१८ चा सुपर बोल आमच्या स्टेडियममध्ये झाला. न्यू इंग्लंडचा दिग्गज क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी, त्याने ५०५ यार्ड टाकले आणि हरला. जिंकला कोण तर निक फोल्स, फिलाडेल्फियाचा बदली खेळाडू, जो डिसेंबरात पहिल्याचा गुडघा गेला म्हणून आत आला. तेव्हा पण सगळ्यांनी निकाल देऊन टाकला होता की फिलाडेल्फिया आता संपली. त्याच फोल्सने दोन आठवडे आधी आम्हाला ३८-७ ने हाणलं होतं, ती मॅच जिंकलो असतो तर सुपर बोल घरच्या मैदानावर खेळलो असतो. जाऊदे. शेजारचे आजोबा (सत्तरीतले, व्हायकिंग्जच्या चारही सुपर बोलच्या हारी डोळ्यांनी बघितलेले) १९९८ च्या सीझनबद्दल बोलताना अजून आवाज खाली करतात. १५-१ टीम होती, किकर अख्खा सीझन एकही फील्ड गोल (खांबांमधली किक) चुकला नव्हता आणि फायनलच्या आधीच्या मॅचला ३८ यार्डवरून चुकला. या गावात खेळाडूवर अविश्वास हा स्वभावदोष नाही, वारसा आहे. डार्नल्डला जे ऐकायला लागतंय त्यातलं निम्मं त्या किकरचं उरलेलं बिल आहे.

आपण पण काही वेगळे नाही. त्याच शनिवारी आपला रोहित. जूनमध्ये वर्ल्ड कप, जुलैमध्ये मरीन ड्राइव्हवर मुंगी शिरायला जागा नव्हती. सहा महिन्यांत सिरीजला पाच डावांत ३१ रन, सिडनीत स्वतःच बाहेर बसला, आणि मॅच चालू असताना लंच टाइमला टीव्हीवर येऊन सांगायला लागलं की मी रिटायर झालेलो नाही. ३१ रन वाईटच. बाहेर बसला ते पण बरोबर केलं असं मला वाटतं. पण आमच्या ग्रुपवर लगेच सुरू, याच्यात दमच नव्हता. कधी नव्हता? जूनमध्ये पण? आणि २००३ ला सचिनने ६७३ रन केले, फायनलला ४ वर गेला, त्यावरून माझा सख्खा मामा आजतागायत म्हणतो, तेंडल्या फायनलला नसतोच. मामा स्वतः आयुष्यात गल्लीच्या टीमचा बारावा गडी होता.

डार्नल्डच्या बाबतीत एक गोष्ट जास्त टोचते, ती पैशाची. रोहितचं घर चालतंय. डार्नल्डचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय. रविवारची मॅच त्याला किती कोटींना पडली आणि सोमवारची किती मिळवून देईल हे सध्या टीव्हीवर लोक शेअर बाजारासारखं सांगतायत, हरला तर इतके, जिंकला तर तितके. १७ मॅच एका पारड्यात आणि दोन रात्री दुसऱ्यात. मी मॅनेजर असतो तर? खरं सांगू, मी पण मॅकार्थीकडे बघितलं असतं, तो स्वस्त आहे, बावीसच्या आत आहे. धंदा आहे तो. पण मग धंदा म्हणून सांगा, की परवडत नाही. त्याच्या काळजात दोष काढू नका.

सोमवारी संध्याकाळी सव्वासातला मॅच आहे. बायकोने पैज लावलीय की मॅच संपेपर्यंत मी ग्रुपवर डार्नल्डबद्दल काहीही टाइप करणार नाही, ना चांगलं ना वाईट, पैज हरलो तर महिनाभर बर्फ मी उपसायचा. तो आत्ताही मीच उपसतो हे तिच्या लक्षात आलेलं नाही. फोन मुलीकडे देऊन ठेवणार आहे.