डबल बैल मारली की गाडी निघायची

पावसाळा लागला की मला दोन फोन हमखास येतात, एक वरच्या काकूंचा, गच्ची गळतेय म्हणून, आणि दुसरा दिवाळी अंकाच्या संपादकांचा. गच्चीचं बघता येतं. संपादक म्हणतात, "ताई, यंदा एक छोटंसं शब्दांकन करून द्या." यातला 'छोटंसं' हा शब्द मानधनाला लागू असतो, कामाला नाही.

शब्दांकन म्हणजे काय, तर समोरच्याने दोन तास मनमोकळं बोलायचं, आपण मान हलवत ते फोनवर रेकॉर्ड करायचं, आणि मग पुढचे चार दिवस इअरफोन कानात कोंबून पाच सेकंद ऐक, थांबव, टाईप कर, मागे जा, परत ऐक, अरे हा 'नाना' म्हणाला का 'ना ना' म्हणाला, परत मागे जा, हे करत बसायचं. माझा हिशोब ठरलेला आहे, एक तास बोलणं म्हणजे सहा तास टायपिंग, शिवाय मानेला आयोडेक्स. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा रेकॉर्डिंगची भानगड नव्हती, माणूस काय बोलला ते लेखकाला जेवढं आठवेल तेवढंच छापून यायचं. किती सुखाचे दिवस.

यंदाचा विषय होता एसटी. १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला पहिली एसटी धावली, तेव्हापासूनचं सगळं गुणगान कोणीतरी दरवर्षी लिहितंच, म्हणून मी म्हटलं आपण एखादा जुना कंडक्टर गाठू. सापडले, पाटणजवळच्या एका गावात. सगळे त्यांना तात्या म्हणतात. कराड-चिपळूण मार्गावर कुंभार्ली घाटात निम्मं आयुष्य गेलेलं. माणूस म्हणजे खजिना, दोन तास दहा मिनिटं बोलले, मध्ये दोनदा चहा, एकदा कोंबडा.

घरी आल्यावर मी आयोडेक्स शोधत होते तेवढ्यात पुण्याहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो आयटीत आहे. "मावशी, तू अजून हाताने टाईप करतेस?" हे त्याने अशा आवाजात विचारलं की जणू मी अजून पाट्यावर वाटण वाटते. (वाटते. पण तो मुद्दा नाही.) म्हणाला, "अगं ऑटोमेट कर ना. कोडबिड काही लिहायचं नाही, नो-कोड असतं, नुसते डबे जोडायचे." आणि त्याने स्क्रीनवर खरंच डबे जोडून दाखवले, पहिला डबा म्हणजे ड्राईव्हमधलं फोल्डर, त्यात नवीन ऑडिओ पडला की गाडी सुरू, दुसऱ्या डब्यात एआय तो ऐकून टाईप करणार, तिसऱ्यात गुगल डॉक तयार होणार, आणि चौथा डबा म्हणजे ईमेल. "कोणाला पाठवायचं?" म्हणाला. मी उत्साहाच्या भरात म्हटलं, मला आणि संपादकांना. हे वाक्य लक्षात ठेवा.

झॅपियर, मेक, एनएटएन असली बरीच ॲप्स आहेत, सगळ्यांचं तत्त्व एकच, हे झालं की ते कर. मी कुठलं वापरलं ते सांगत नाही, पुढे जे झालं त्यात त्याचा काही दोष नाही, ते बिचारं सांगितलेलं काम करत होतं आणि तीच तर अडचण होती.

पहिला अडथळा फाईलचा. टाईप करणारी जी सर्व्हिस होती तिला एका वेळी २५ एमबीच चालायचे आणि तात्या भरले ६२ एमबी. मग मी तात्यांचे तीन तुकडे केले. पहिला तुकडा फोल्डरमध्ये टाकला आणि बसले बघत. काहीच होईना. भाचा म्हणाला, "मावशी, फुकट प्लॅन आहे, ते दर पंधरा मिनिटांनी येऊन बघतं." म्हणजे पोस्टमनच की. तोवर मी कुकर लावला, आणि तिसऱ्या शिट्टीला मेल आला.

"डबल बैल मारली की गाडी निघायची."

मी चष्मा पुसला. पुढे होतं, "कुंभाराने घटात दृष्टी घातली की पोटात गोळा यायचा." हे वाक्य मी तीनदा वाचलं, क्षणभर वाटलं तात्या संतसाहित्याकडे वळले. मग ऑडिओ लावला. तात्या म्हणत होते, "कुंभार्ली घाटात यष्टी घातली की पोटात गोळा यायचा." यष्टीची सगळीकडे दृष्टी झालेली होती. "दृष्टी बंद पडली की पॅसेंजर उतरून ढकलायचे." "रात्री डेपोत सगळ्या दृष्टी धुवून ठेवायच्या." आणि तात्यांनी आयुष्यभर जी मुक्कामी गाडी केली, संध्याकाळी शेवटच्या गावाला जायचं, रात्री गाडीतच झोपायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन यायचं, ती झाली होती मुख्यमंत्री गाडी. "मुख्यमंत्री गाडीत ढेकणं फार." हे छापलं असतं तर अंक खपला असता, पण संपादक आत गेले असते.

दुसरा तुकडा त्यातल्या त्यात बरा. तिसरा सबंध हिंदीत. तात्या अस्सल सातारी बोलत होते, "म्या म्हनलं", "न्हाय वो ताई", आणि कागदावर "मैंने कहा", "नहीं जी". याचं कारण भाच्याने शोधलं. भाषा सांगितली नाही तर ते सुरुवातीचं जेमतेम अर्धं मिनिट ऐकून भाषा ओळखतं आणि मग सगळं त्याच भाषेत ओढतं. तिसरा तुकडा मी जिथे कापला होता तिथे शेजारच्या घरातला रेडिओ लागला होता. तात्यांच्या आधी रेडिओ बोलला, म्हणून तात्या हिंदी.

तरी मी याला फार नावं ठेवणार नाही. ओपनएआय कंपनीचं व्हिस्पर म्हणून ऐकून टाईप करणारं एक मॉडेल आहे, सप्टेंबर २०२२ मध्ये आलं, त्याला ६ लाख ८० हजार तासांचा ऑडिओ ऐकवून शिकवलं होतं. वाचून मी थक्क झाले. पुढे वाचलं, तर यातले इंग्रजी सोडून बाकीच्या ९६ भाषांचे मिळून १ लाख १७ हजार. त्या शहाण्णवांत आपण दाटीवाटीने उभे, म्हणजे शेवटच्या फेरीला दारात लोंबकळणारे. त्यात पाटण तालुक्याला किती जागा मिळणार?

एका ठिकाणी मात्र मी हसले नाही. दुसऱ्या तुकड्यात तात्या त्यांच्या ड्रायव्हरबद्दल सांगत होते, बारा वर्षं दोघांनी एकाच डब्यातलं जेवण खाल्लं, मग एका पावसाळ्यात तो आजारी पडला आणि गेला. एवढं बोलून तात्या गप्प झाले. मी पण काही बोलले नाही, रेकॉर्डिंगमध्ये चाळीसेक सेकंद नुसता पत्र्यावरचा पाऊस आहे. मशीनने तिथे लिहिलं होतं, "व्हिडिओ आवडल्यास लाईक करा आणि चॅनलला सबस्क्राईब करायला विसरू नका." भाचा म्हणाला की ही मॉडेल्स इंटरनेटवरच्या सबटायटल्सवर शिकतात, माणूस गप्प झाला म्हणजे व्हिडिओ संपला असं त्यांना वाटतं. ती ओळ मी स्वतः खोडली आणि काय लिहावं ते कळेना म्हणून जागा तशीच रिकामी ठेवली.

मग भाच्याने सुधारणा केली. भाषा मराठी करून टाकली, आणि तुकडे करायला नकोत म्हणून मध्ये अजून एक डबा जोडला, मोठी फाईल आली की ती दाबून बारीक करायची आणि तिची कॉपी ठेवायची. कुठे ठेवायची? त्याच फोल्डरमध्ये. रात्री साडेअकराला मी अख्खे तात्या टाकले आणि झोपले.

सकाळी सहाला उठून बघते तर इनबॉक्समध्ये पंचवीस मेल. झालं असं की बारीक केलेली फाईल फोल्डरमध्ये पडली, पंधरा मिनिटांनी पोस्टमन आला, त्याला वाटलं अरे नवीन फाईल, त्याने ती परत दाबली, टाईप केली, मेल केली आणि नवी कॉपी त्याच फोल्डरमध्ये टाकली, मग पुन्हा पंधरा मिनिटांनी... रात्रभर. एका खेपेला चार कामं, महिन्याला शंभर कामं फुकट, पंचवीस खेपांत महिना संपला म्हणून थांबलं, नाहीतर आजही चालू असतं. आणि दर खेपेला तात्यांचा आवाज आणखी दाबला जात होता. पाचव्या मेलमध्ये कंडक्टरच्या तिकीट-हिशोबाच्या वे-बिलाचं "वेड बिल" झालं, बाराव्यात घाट नाहीसा झाला, विसाव्यात दोन तासांतून कोंबडा आणि डबल बैल एवढेच ओळखू येत होते.

पंचविसाव्यात एकच परिच्छेद शाबूत होता, शेवटचा. तो तात्यांचा नव्हता.

परत येताना गाडीच्या काचा बंद होत्या, फोन माझ्या मांडीवर होता, आणि रेकॉर्डिंग बंद करायला मी विसरले होते. तात्या टेबलापलीकडून बोललेले सगळे वाहून गेले, पण मी नवऱ्याशी बोललेलं पंचवीसच्या पंचवीस मेलमध्ये काना-मात्रा-वेलांटीसकट, शुद्धलेखनाची एक चूक नाही: "दोन वर्षं झाली, मानधनाचा पत्ता नाही, वर म्हणतो छोटंसं आहे. स्वतः बसून एक तास टाईप करून दाखव म्हणावं." त्यावर नवऱ्याचं "हं". तेही आलं होतं.

पंचवीस वेळा संपादकांना.

दिवसभर फोन आला नाही. मी इअरफोन लावून मुकाट पहिल्या मिनिटापासून टाईप करायला घेतलं, ऐक, थांबव, मागे जा. संध्याकाळी संपादकांचा व्हॉइस मेसेज आला, चार मिनिटांचा. उघडायची हिंमत होईना. भाच्याने दुसऱ्या खात्यावरून नवीन फोल्डर करून दिलं होतं, या वेळी ईमेल फक्त मला, त्यात तो मेसेज टाकला आणि पोस्टमनची वाट बघत भाजी निवडत बसले.

मेल आला. "ताई, मेल मिळाले. शेवटचा परिच्छेद फार प्रवाही आहे, बाकीचाही तसाच करा. आणि तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, या दिवाळीपूर्वी तुम्हाला समाधान नक्की देतो."

समाधान! मशीनने मानधनाचं समाधान केलं म्हणून मी खूप हसले आणि खात्री करायला मूळ मेसेज लावला. एकदा ऐकला. मागे जाऊन परत ऐकला. इअरफोन लावून, डोळे मिटून, पाच-पाच सेकंदांनी थांबवत ऐकला.

समाधानच म्हणाले होते.