शेजारधर्म कसा पाळावा

तुमच्या गल्लीत ऑटिझम असलेलं एखादं पोरगं असेल, तर त्याच्या आईला एकटं सोडू नका. भाजीला निघाली की गाठा. "वहिनी, अजून बोलत नाही? आमचा भाचा पाच वर्षांपर्यंत मुका होता, आता ऐकवत नाही!" ती राजारामपुरीला स्पीच थेरपीला पोराला घेऊन खेपा घालते, हे खरं. पण थेरपी कुठं आणि तुमचा भाचा कुठं!

मग कारण शोधा. मोबाईल, ग्रहण, आईची नोकरी, लस. लसीवर जरा जोर द्या. तो संशय पेरणारा लेख ‘लॅन्सेट’ या डॉक्टरी मासिकानं १९९८ साली छापला आणि २०१० साली मागं घेतला, त्यातलं छापल्याचं तेवढं पंचगंगेपर्यंत पोचलंय. काहीच सापडलं नाही तर आई आहेच. मागच्या शतकात मोठमोठे डॉक्टरसुद्धा तिचीच माया कमी पडली म्हणत होते, तुम्ही तर साधे पेठेतले.

पोरगं चित्राचं कार्ड दाखवून पाणी मागतंय? कार्ड काढून घ्या, तहान लागली की बोलेल. हात फडफडवतंय? हात धरून ठेवा. जीव शांत करायची त्याची ती रीत असते. ती बंद पाडली की ते बिथरतं, आणि "बघा, लाडानं वाया गेलंय" म्हणायला आपण मोकळे.

गणपतीत तर संधीच संधी. डॉल्बी नेमकी त्यांच्या दारासमोर उभी करा. ज्याला मिक्सरचा आवाज सोसत नाही, ते कानावर हात दाबून कॉटखाली शिरणारच. शिरू दे. कोल्हापुरात राहायचं आणि आवाजाला भ्यायचं? त्याचे वडील हात जोडून "जरा पुढं जाऊन वाजवा की भावा" म्हणाले, तर त्यांना परंपरा समजावून सांगा. (परंपरेत डॉल्बी कुठल्या साली आली, हे त्यांनी विचारायच्या आत आवाज वाढवा.)

शाळेत प्रवेशाचा विषय निघाला की "आमची हरकत नाही, पण बाकीच्या पालकांचं काय" एवढंच म्हणा. सगळ्या पालकांनी हेच म्हटलं की काम झालं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये ऑटिझम आहे, भेदभाव न करता प्रवेश द्या असंही त्यात लिहिलंय. लिहिलेलं राहू दे.

२ एप्रिल मात्र चुकवू नका. ऑटिझमचा जागतिक दिवस आहे. निळा शर्ट, निळा डीपी, रंकाळ्यावर ग्रुप फोटो. त्या पोराला बोलवायची गरज नाही. गर्दीत त्याला त्रास होतो, एवढं तुम्हाला बरोबर कळतं.