‘जुनी काढा, लिथियम ठेवा’ या मेसेजचं काय करायचं?

बोटवाल्यांमध्ये एक मेसेज सध्या जोरात फिरतो आहे. मजकूर साधारण असा: ‘शिशाच्या जड बॅटऱ्या फेकून द्या. जुनी काढा, त्याच जागी लिथियम ठेवा. वजन चौथा हिस्सा, वायरिंग तेच, डायनामो तोच. आग लागत नाही, पाणी टाकायला नको, दहा वर्षं बघायला नको. कोचीच्या बोटी यावरच चालतात.’ खाली एका हातात बॅटरी धरून हसणाऱ्या माणसाचा फोटो.

फोटोत खोटं काही नाही. १०० अँपिअर-अवर क्षमतेची लिथियम फॉस्फेट (लिथियमचा एक प्रकार) बॅटरी ११ ते १३ किलो भरते. आणि ओहोटीच्या वेळी ट्रॉलरमधून ज्याने १५० ची बॅटरी बाहेर काढली आहे, त्याला तो फोटो का आवडतो हेही कळतं. चाळीसेक किलोचं धूड. इंजिनरूमच्या शिडीवर एक जण खालून रेटतो, दुसरा वरून दोरीने ओढतो. मग जेटीला लागून एकीला एक चिकटून उभ्या बोटींच्या काठांवरून ती हातोहात न्यायची, पायाखाली जाळी आणि बर्फाचं पाणी. जरा कलली की झाकणातून अ‍ॅसिड ठिबकतं, आणि पँटीला भोकं पडलेली दोन दिवसांनी दिसतात. २४ व्होल्टची बोट असेल तर हे सगळं दोनदा. वजनाची तक्रार रास्तच आहे. आम्हा वायरिंगवाल्यांचं भांडण त्याच्या पुढच्या वाक्यांशी आहे.

आधी ‘चौथा हिस्सा’. हा हिशेब अर्धा बरोबर आहे. शिशाची बॅटरी टिकवायची तर निम्म्याखाली उतरू द्यायची नसते, लिथियम ८० टक्के बिनधास्त वापरता येते. म्हणजे लाइट, वायरलेस, जीपीएस, फिश फाइंडर यांच्यासाठी १०० ची लिथियम दीडशेच्या शिशाला पुरून उरते, आणि वजन खरंच पाव-तिसऱ्या हिश्शावर येतं. पण ही बचत कोणत्या बोटीत मोजायची? टनावारी बर्फ आणि टाकीभर डिझेल घेऊन निघणाऱ्या ट्रॉलरला पन्नास-साठ किलो कमी झाल्याचा पत्ताही लागणार नाही. आउटबोर्डवाल्या (मागे बाहेरून इंजिन लावलेल्या) छोट्या फायबर होडीत मात्र लागतो, कारण तिथे बॅटरी रोज संध्याकाळी खांद्यावरून घरी जाते.

‘तोच डायनामो चालतो’ हे मेसेजमधलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य. शिशाची बॅटरी भरत आली की आपणहून करंट कमी घेऊ लागते, म्हणून डायनामोला दम खायला मिळतो. लिथियम तसं करत नाही. अगदी भरत येईपर्यंत ती मिळेल तेवढा करंट ओढत राहते. आता बोटीवर काय होतं बघा: जाळं टाकून झालं, इंजिन मंद ठेवलंय, डायनामोचा पंखाही मंदच फिरतोय, आणि वर बॅटरी पूर्ण क्षमतेने मागते आहे. थोड्या वेळात इंजिनरूममध्ये वार्निश जळाल्याचा वास येतो. तो डायनामोच्या वाइंडिंगचा असतो.

दुसरा धोका याच्या उलटा. लिथियमच्या पोटात बीएमएस नावाचं सर्किट असतं. सेल जास्त भरली किंवा फार तापली की ते बॅटरी एका झटक्यात तोडतं. त्या क्षणी डायनामोतून निघालेल्या करंटला जायला जागा उरत नाही, व्होल्टेज उसळतं. डायोड जातात, आणि नशीब वाईट असेल तर त्याच लाइनवरचा जीपीएसही. कोकणात थंडीचा प्रश्न नाही, उष्णतेचा आहे. बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांना चार्जिंगची वरची मर्यादा ४५ ते ५५ अंशांची असते, आणि दुपारी बंद इंजिनरूममध्ये इंजिनाशेजारचं तापमान तिथवर सहज जातं. म्हणजे बीएमएस तोडण्याचा प्रसंग दुर्मीळ नाही.

यावर उपाय आहेत. डायनामोने शिशाचीच बॅटरी भरायची, आणि तिच्यावरून डीसी-टू-डीसी चार्जर लावून लिथियमला बेताने करंट द्यायचा. बॅटरी इंजिनरूमबाहेर, केबिनमधल्या हवेशीर कोपऱ्यात ठेवायची. प्लस वायरला बॅटरीच्या अगदी जवळ चांगला फ्यूज हवा, कारण लिथियम शॉर्ट झाली की करंट भयंकर येतो आणि स्वस्तातला फ्यूज त्यात नुसता वितळून आर्क धरून ठेवू शकतो. एवढं सगळं केल्यावर ‘वायरिंग तेच’ राहिलं का?

आता सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर. मोठ्या डिझेल इंजिनाचा सेल्फ काही क्षण शेकडो अँपिअर मागतो. बाजारातल्या बऱ्याच १०० च्या लिथियमचा बीएमएस सलग १०० अँपिअरच्या आसपासचा असतो. सेल्फ मारला की तो ट्रिप होतो आणि बोट मुकी. स्टार्टिंगसाठी वेगळ्या लिथियम मिळतात, पण मेसेजमधली ती नव्हे. शिवाय २४ व्होल्टसाठी दोन १२ च्या लिथियम सिरीजमध्ये लावायच्या तर बनवणाऱ्याची तशी परवानगी आहे का ते बघावं लागतं. सगळ्यांचे बीएमएस ते झेपवत नाहीत. स्टार्टिंगला शिसंच राहू द्या, हे माझं मत.

एक बारीक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, व्होल्टमीटर बघून बॅटरी ओळखतो: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. लिथियमचा काटा पार शेवटपर्यंत १३ च्या आसपासच रेंगाळतो, आणि मग एकदम आपटतो. वेगळा करंट मोजणारा मीटर नसेल तर रात्री बंदराबाहेर अंधारात बसायची पाळी येते.

‘आग लागत नाही’. लिथियम फॉस्फेट इतर लिथियमपेक्षा पुष्कळ शांत आहे, हे खरं. पण बाजारात ‘लिथियम’ म्हणून जुन्या गाड्यांचे पॅकही विकले जातात, आणि त्यांचं रसायन निराळं असू शकतं. नॉर्वेत ऑक्टोबर २०१९ मध्ये एका हायब्रिड फेरीबोटीच्या बॅटरीखोलीत आग लागली. दुसऱ्या दिवशी साठलेल्या वायूचा स्फोट झाला आणि अग्निशमनवाल्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. ती व्यावसायिक कंपनीने बसवलेली यंत्रणा होती. शिसंही सोवळं नाही म्हणा: चार्जिंगला हायड्रोजन सोडतं, आणि बिल्जचं, म्हणजे बोटीच्या तळाशी साठणारं, खारं पाणी आत शिरलं तर क्लोरीन.

कोचीचं उदाहरण तर उलटंच साक्ष देतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या कोची वॉटर मेट्रोच्या बोटी कोचीन शिपयार्डने बॅटरी धरूनच आखल्या. त्यांच्यात लिथियम टायटनेट या निराळ्या प्रकारची बॅटरी आहे, जी तेवढ्याच ऊर्जेसाठी लिथियम फॉस्फेटपेक्षा जड पडते! झटपट चार्जिंग आणि लांब आयुष्य यासाठी तिची किंमत आणि वजन सोसलं जातं. हलकी म्हणून कुणी घेतलेली नाही.

राहिली दहा वर्षं. आपल्याकडे जून-जुलैची बंदी असते, बोटी शाकारून ठेवतात. शिशाची बॅटरी भरून ठेवायची असते. लिथियम निम्मी ठेवून, वायर सोडवून ठेवायची, कारण बीएमएस स्वतः थोडा करंट पितो आणि रिकामी राहिली तर सेल मरतात. नारळी पौर्णिमेला बॅटरी उठली नाही की ‘बघायला नको’चा अर्थ समजतो.

मग पाठ मोडायची का? नाही. एका मोठ्या बॅटरीऐवजी ६ व्होल्टच्या दोन सिरीजमध्ये लावल्या तर एका वेळी उचलायचं वजन निम्म्यावर येतं, आणि चार्जिंगची व्यवस्था बदलावी लागत नाही. ‘ड्राय बॅटरी हलकी असते’ म्हणून तिच्या मागे लागू नका, तीही शिशाचीच आणि तितकीच जड, फक्त सांडत नाही. दोरीची मजबूत कडी, इंजिनरूमच्या झाकणाच्या बरोबर खाली बॅटरीची जागा आणि वर एक साधी चेनपुली, एवढ्याने बरंच भागतं. रोज घरी नेणाऱ्या आउटबोर्डवाल्याने लाइट-फिश फाइंडरपुरती छोटी लिथियम आणि तिचाच चार्जर घ्यावा, त्याला मी नाही म्हणणार नाही.

दुकानात गेलात तर विचारा: बीएमएस सलग किती अँपिअर देतो, चार्जिंग किती अंशांपर्यंत चालतं, सिरीजला परवानगी आहे का. आणि मेल्यावर परत कोण घेणार? शिशाची जुनी बॅटरी देऊन नवीत पैसे वळते होतात, भंगारवालाही किलोवर घेतो. लिथियमला तो हात लावत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती जबाबदारी उत्पादकाची आहे, तेव्हा त्याचं नाव-पत्ता बिलावर लिहून घ्या.