पोराला इंग्रजी शिकायला लंडनला धाडताय? मग एवढं कराच

पोराचं इंग्रजी कच्चं आहे ना? सोलापुरात राहून सुधारायचं नाही ते. सरळ लंडनला धाडा. आम्ही भाच्याला धाडलाय, म्हणून हक्कानं सांगतो.

आधी एसी ऑफिसवाला कन्सल्टंट गाठा. भिंतीवर बिग बेन आणि दाराला लिंबू-मिरची असली की माणूस भरवशाचा.

त्याला प्रश्न विचारू नका. वाईट वाटतं त्याला.

"काका, पार्टटाइम करून फी आरामात निघते," असं तो म्हणेल. तुम्ही मान डोलवा. दाजींनी डोलवली, शेजारी चहा पीत मीही डोलवली. आता ऐका. नुसतं इंग्रजी शिकायला इंग्लंड जो शॉर्ट टर्म स्टडी व्हिसा देतं, तो सहा महिन्यांच्या वरच्या आणि फार तर 11 महिन्यांच्या कोर्सचा. त्यावर काम चालत नाही. आठवड्याला वीस तास नाही, दोन तास नाही, फुकट राबायचं म्हटलं तरी नाही. मुदतही वाढत नाही. ते वीस तासांचं ऐकता ना, ते डिग्रीला गेलेल्या पोरांचं. हे सगळं तिथल्या सरकारच्या वेबसाइटवर लिहिलंय. आम्हाला कधी कळलं? भाचा पोचून तीन आठवडे झाल्यावर! कन्सल्टंटला फोन लावला तर म्हणतो, "काका, ते मी जनरल बोललो होतो." जनरल! अक्कानं पाटल्या मोडल्या, त्या काय जनरल मोडल्या का रे?

बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी दाबून भरा. कमाई नाही म्हटल्यावर तीच खायचीय.

आयईएल्ट्स म्हणजे ती इंग्रजीची परीक्षा, तिचा निकाल फ्रेम करून लावा. निकाल दोनच वर्षं चालतो, फ्रेम टिकते.

खोली मात्र आपल्याच लोकांत घ्या, स्वस्त पडते. भाच्याबरोबर चौघं हैदराबादची आहेत. वर्गात तीन तास इंग्रजी, बाकी दिवसभर तेलुगू. परवा व्हिडिओ कॉलवर दार वाजलं, तर मला म्हणतो, "मामा, आगंडी!" म्हणजे तेलुगूत 'थांबा'! अरे, एवढंच शिकायचं होतं तर इथल्या अशोक चौकात तेलुगू लोकांत बसायचं की, चहाच्या पैशात झालं असतं.

बास झाली मस्करी. नव्या पेठेत चादर घेताना चार दुकानं हिंडता, सूत चोळून बघता, पन्नास रुपयांसाठी तासभर घासाघीस करता. आणि लाखांनी पैसे मोजताना व्हिसाचा एक कागद वाचवत नाही तुम्हाला? वाचता येत नसेल तर गल्लीतल्या मास्तरांकडून वाचून घ्या, लाज कसली त्यात? ज्याला इंग्रजी शिकवायला निघालात, त्याच्याच हातात द्यायचा होता तो कागद, डिक्शनरी घेऊन बस म्हणायचं. पण घरात पोरगं दोन वाक्यं चुकीची बोललं की फिदीफिदी हसायचं. हसणाऱ्यांत मी पहिला होतो, कबूल आहे.

आणि दाजी, तुम्ही वाचत असाल तर ऐका. धाकट्याची चौकशी करायला परत त्याच एसीत जाऊन बसलात म्हणे. उठा तिथून आधी.