लाभ, दोन, तीन, सोयाबीन

आमच्या इकडे दिवसाढवळ्या पाठ ताठ करून, डोळे मिटून बसलेला माणूस कोणाला बघवत नाही. झोपलेला चालतो. तोंडावर दुपट्टा टाकून ओसरीत आडवा झालेला तर सगळ्यात चालतो. पण बसून डोळे मिटले की पाच मिनिटांत कोणीतरी खांदा हलवतंच, "काय झालं जी? बीपी वाढला काय?" दुसरा लिंबूपाणी आणायला सांगतो. तिसरा हळूच म्हणतो, "राहू द्या, कर्जाचा विचार करून राहिले असन." म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की ध्यान सुरू करण्याआधी घरात आणि दोन्ही शेजाऱ्यांकडे ते जाहीर करून टाकावं. पुस्तकात ही पायरी नसते, कारण लिहिणाऱ्याच्या खोलीला आतून कडी असते. आमच्याकडे दिवसा कडी लावली तर घरात भानगड आहे असा सरळ अर्थ निघतो.

आता बसायचं कशावर? पतंजलींनी आसनाचं वर्णन दोन शब्दांत उरकलं आहे, स्थिर आणि सुखाचं. बाकीचा तपशील गुडघे पुरवतात. गीतेचा सहावा अध्याय जरा खुलासा करतो. आसन फार उंच नको, फार खाली नको, आणि त्यावर दर्भ, मृगाजिन म्हणजे हरणाचं कातडं, आणि वस्त्र. यातलं मृगाजिन १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे बाद झालं, त्याचा नाद करू नये, मेळघाटाच्या जवळ राहणाऱ्यांनी तर मुळीच नाही. बाजेवरही बसू नये. बाज मधोमध झोळ धरते, कंबर त्यात जाते आणि माणूस ध्यानाला बसल्यापेक्षा टोपल्यात ठेवल्यासारखा दिसतो. जमिनीवर सतरंजी टाकावी, तिच्यावर वाकळेची घडी करून फक्त बुडाखाली घ्यावी, चांगली चार बोटं उंच. मांडी घातल्यावर गुडघे कमरेपेक्षा खाली गेले पाहिजेत, एवढी एकच खूण. गुडघे वर राहिले की कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो, पोट दबतं, श्वास वरवरचा होतो आणि दहाव्या मिनिटाला मान भरून येते. मग लोक म्हणतात, ध्यान मला मानवत नाही. त्यांना वाकळ मानवलेली नसते. कापसाची उशी शिवून घेणार असाल तर कापूस दबतो हे कापूस पिकवणाऱ्यांना सांगायला नको. चार बोटांची उशी महिना-दोन महिन्यांत दोन बोटांवर येते, पुन्हा पिंजून भरावी लागते. सरकी मात्र भरू नका. उंदीर ध्यानाला येतो.

मांडी जमत नसेल तर खुर्ची घ्या, त्यात कमीपणा नाही. दोन्ही तळवे जमिनीला टेकवा, पाठ टेकवू नका, बस.

पायाला मुंग्या येणं ही पुढची पायरी. गावोगावी हिचा संबंध कुंडलिनीशी जोडणारे जाणकार आहेत. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला हाडाला लागून एक नस जाते, ती किंवा मांडीमागची नस दबली की पायाला मुंग्या येतात, याउपर तिथे काही जागृत होत नाही. वाकळेची घडी वाढवा, पायाची आदलाबदल करा. आणि उठायच्या आधी पाय लांब करून मिनिट-दोन मिनिटं बसा. बधिर पायावर तडक उठलं की पाऊल उचललं जात नाही, खाली लोंबतं, आणि साधक गोठ्याच्या उंबऱ्यावर आडवा होतो. त्या वेळी बीपी वाढला काय विचारणारे बरोबर हजर असतात.

वेळेचं दुखणं मोठं आहे. पहाटे चारची ब्रह्मवेळ वगैरे ज्यांच्या शेतात विहीर नाही त्यांनी बघावी. ओलिताचा थ्री फेज, म्हणजे पंपाची वीज, कधी दिवसाच्या पाळीत येतो, कधी रात्रीच्या, आणि रात्रीची पाळी असली की ब्रह्ममुहूर्तावर माणूस गुडघाभर चिखलात उभा असतो. पुढे साडेपाचला दूध, सहाला नळ, मग म्हशीला ढेप. माझ्या मते दूध काढल्यानंतर आणि नळ येण्याआधी जी दहा-पंधरा मिनिटं सापडतात, तीच खरी. सुरुवातीला पाचच मिनिटं बसा, दर आठवड्याला दोन वाढवा. पहिल्याच दिवशी तास ठोकणारे तिसऱ्या दिवशी दिसत नाहीत. संध्याकाळ धरली तर जेवणाआधी. रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण झाल्यावर तीन तास तरी योगाचं नाव काढू नये, कारण त्या पोटाने डोळे मिटले तर ते आपणहून उघडत नाहीत.

घड्याळ म्हणून मोबाईल ठेवायचा असेल तर त्याचं विमान करून ठेवा. नाहीतर उदबत्ती लावा. साधी उदबत्ती अर्धा-पाऊण तास जळते, अर्धी मोडली की तुमची बैठक झाली. पंख्याखाली ती भराभर जळते, हे आळशी लोकांच्या लक्षात लवकर येतं. डासांसाठी कडुलिंबाचा धूर करून त्यात श्वासाकडे लक्ष देऊ नका, श्वास तुमच्याकडे लक्ष द्यायला लावेल. मच्छरदाणी जमिनीवर लावून आत बसावं. दिसायला नवरदेवासारखं दिसतं, पण उपयोगी आहे.

एवढं झालं की खरं काम. श्वास नाकाने आत घ्या, नाकाने सोडा, सोडताना जरा लांब सोडा. आत येताना मनात चारपर्यंत, जाताना सहापर्यंत. श्वास सोडताना हृदयाचा ठोका थोडा मंदावतो, म्हणून लांब सुटणारा श्वास शरीराला शांत करतो. दोन मिनिटं असं झालं की हे माप सोडून द्या, श्वास आपल्या चालीने चालू द्या आणि फक्त मोजा, प्रत्येक सुटलेल्या श्वासाला एक आकडा, दहापर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. खळ्यावर धान्य मोजताना जुने लोक पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत. तसंच मोजा. लाभ, दोन, तीन... आणि चारच्या जागी सोयाबीन येतं. ओलावा बाराच्या वर निघाला तर? व्यापारी भाव पाडणार. परवा वाळू घालायला हवं होतं. ताडपत्री कोणाकडे आहे? भाऊंकडे. ते मागच्या वर्षीचे पाइप परत द्यायला तयार नाहीत, ताडपत्री काय देणार! इथून भाऊंच्या लग्नातल्या मानपानापर्यंत मन जातं आणि आकडा तिकडे एकटाच अठ्ठावीसवर पोचलेला असतो.

अठ्ठावीस ही महत्त्वाची खूण आहे. दहाच्या पुढे गेलात म्हणजे मोजणारा मापारी झोपला आणि जीभच नुसती पोती मोजत राहिली. रागवायचं नाही. जिथे मन सापडलं तिथे त्याला एका शब्दाचं नाव द्या, 'हिशेब', 'भांडण', 'उद्या', जे असेल ते, आणि परत लाभ. विचार येऊच द्यायचा नाही असा हट्ट धरणाऱ्यांसाठी डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाचा १९८७ मधला प्रयोग आहे. त्यांनी लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या, आणि नंतर विचार करायला मोकळीक दिली तेव्हा या लोकांच्या डोक्यात अस्वल आणखीच नाचलं. मेळघाटातलं अस्वल काळं असतं, पण नियम तोच. २०१० मध्ये हार्वर्डच्या दोघा संशोधकांनी २,२५० माणसांना फोनवरून अवेळी गाठून विचारलं, की आत्ता मन हातातल्या कामावर आहे का? जवळपास ४७ टक्के वेळा ते दुसरीकडेच होतं. त्यांच्याकडे सोयाबीनही नसावं.

ज्याने शेतात जागल केली आहे त्याला हे सगळं एका वाक्यात कळतं. जागलीला गेलेला माणूस रानडुकरामागे अंधारात धावत नाही. मचाणावरून टॉर्च मारतो, डबा वाजवतो, आणि पुन्हा बसतो. डुकरं येणारच. रात्रभर एकही डुक्कर आलं नाही असं वाटलं, तर सकाळी तुरीत जाऊन बघावं, बहुतेक झोप लागली होती. "आज अर्धा तास एकही विचार आला नाही" असं सांगणाऱ्या साधकालाही मी हेच विचारतो, घोरत होता का? डुलकी येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवून हातभर पुढे जमिनीकडे बघावं, तरीही येत असेल तर सरळ झोपावं. रात्रीचं ओलीत ध्यानाने भरून निघत नाही.

एकट्याने होत नसेल त्यांच्यासाठी विदर्भात जुनी सोय आहे. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी पहाटेचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना गावोगावी नेली. सगळ्यांच्या मधून उठून जायची लाज वाटते, आणि निम्मं ध्यान या लाजेवर चालतं. विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर हा त्याहून कडक मामला आहे. पहाटे चारची घंटा, दिवसाला दहा तास बैठक, आणि नऊ दिवस मौन. जाणाऱ्याने तूर घरात आल्यावर आणि उन्हाळवाहीच्या आधी जावं. दहाव्या दिवशी मौन सुटतं तेव्हा आमच्याकडच्या माणसाच्या समोर बसू नये.

बसणं जमतच नसेल तर चालावं. वीस-पंचवीस पावलं सरळ, वळायचं, परत. नेहमीच्या निम्म्या चालीने, टाच टेकली, तळवा टेकला, बोटं सुटली, एवढंच बघत. नजर पाच-सहा फूट पुढे. शेताचा धुरा, म्हणजे बांध, याला फार चांगला, लांब, सरळ आणि शांत, असं कोणालाही वाटेल. पण खाली मान घालून, पावलं मोजत धुऱ्यावरून हळूहळू येरझाऱ्या घालणारा माणूस पलीकडच्या शेतातून कसा दिसतो याचा विचार करा. तिसऱ्या फेरीला पलीकडून आवाज येतो, "काय मोजून राहिले जी?" ध्यान करतोय म्हणालात तर तो तलाठ्याकडे जातो, काही नाही म्हणालात तर मोजणीचा अर्ज टाकतो. म्हणून आधी राम राम करावा, पीकपाणी विचारावं, आणि चालायला आपल्याच वावराच्या मधलं तास धरावं. पावसाळ्यात गमबूट आणि अंधारात टॉर्च हवाच. मण्यार तुमची एकाग्रता बघून बाजूला होत नाही.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगण्यात राम नाही असं मनात येत असेल तर डोळे मिटून एकटं बसल्याने ते वाढूही शकतं. तिथे श्वास मोजत बसू नका, डॉक्टर गाठा. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

राहिलं आत्मपरीक्षण. रोज रात्री दहा मिनिटं, एक वही, तीन ओळी. आज काय घडलं, मी काय केलं, उद्या काय वेगळं करणार. उधारीची वही वापरू नका, पान उलटलं की मन तिकडे जातं. लिहायला लागल्यावर चौथ्या दिवशी एक गंमत होते, वाक्यांतला 'मी' गायब होतो. "त्याने बांधावरचं झाड तोडलं." "तिने मुद्दाम ऐकवलं." "साळ्याने फोन उचलला नाही." आठ दिवसांत वही तपासली तर ती आत्मपरीक्षणाची राहिलेली नसते, फिर्याद झालेली असते. उपाय व्याकरणाचा आहे, प्रत्येक वाक्याचा कर्ता 'मी'. आणि 'का' विचारू नका, 'काय' विचारा. "मी असा का वागलो?" म्हटलं की मन वकील लावतं आणि तुम्ही निर्दोष सुटता. "मी नेमकं काय बोललो?" याला वकील चालत नाही.

अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने तेरा गुणांची यादी करून दर आठवड्याला एक गुण धरला होता, चुकलं की वहीत काळा ठिपका. तेरा चोक बावन्न, वर्षाला चार फेऱ्या. नीटनेटकेपणाने त्याला शेवटपर्यंत दाद दिली नाही, हे त्यानेच लिहून ठेवलंय. आपल्याला तेरा झेपत नाहीत, एका हंगामाला एक पुरे. समजा, आवाज चढणं. दिवसभरात जितक्या वेळा चढला तितक्या उभ्या रेघा, पाचवी आडवी, पोत्यांसारख्या. पहिल्या आठवड्यात आकडा वाढतो, त्याने घाबरू नये, आधी चढत होताच, फक्त नोंद नव्हती. दर रविवारी मात्र तो आकडा घरात पडताळून घ्यावा. तुमच्या वहीत चार रेघा असतात तेव्हा चुलीजवळ अकरा निघतात, तारीख आणि कारणासकट. वाद घालू नये, अकराच धरावेत. वाद घातला की बारावी तिथेच पडते.