शेततळ्याच्या कागदाचं पेटंट आणि पोलिसांची भीती

माझा भाचा सिन्नर भागात शेततळ्यांना प्लास्टिकचा कागद टाकायची कामं घेतो. परवा त्यानं ठरलेलं काम सोडून दिलं, ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका मेसेजमुळं. मेसेज असा: प्लास्टिकच्या पट्ट्यांना दुहेरी जोड मारायच्या पद्धतीचं एका कंपनीला पेटंट मिळालंय, पेटंट म्हणजे सरकारचा शिक्का, त्याला आव्हान देता येत नाही, परवान्याशिवाय जोड मारला तर पोलीस मशीन उचलून नेतील, पद्धतीत दहा टक्के बदल केला तर मात्र सुटका.

त्यात कंपनीचं नाव नाही, पेटंटचा नंबर नाही, अर्जाची तारीख नाही. आणि असल्या मजकुरावर विश्वास ठेवून कष्टाची माणसं हातातली कामं सोडतायत, याचा मला संताप येतो.

सगळ्यात घातक आहे ती पोलिसांची धमकी. पेटंटचं उल्लंघन हा भारतात फौजदारी गुन्हा नाही. नकली ब्रँडच्या मालावर धाड पडते ती ट्रेडमार्कच्या कायद्यानं. पेटंटधारकाला दिवाणी दावा लावावा लागतो, तोही जिल्हा न्यायालयात किंवा त्याच्या वर. दावा जिंकला तर न्यायालय उल्लंघनाचा माल आणि मुख्यतः त्यासाठीच वापरलेली साधनं जप्त करायचा आदेश देऊ शकतं, हे पेटंट कायद्याच्या कलम 108 मध्ये आहे. मेसेजमध्ये खरं असेल तर एवढंच. उलट कलम 106 सांगतं की पत्रक काढून, जाहिरात देऊन किंवा निरोप धाडून कुणी उल्लंघनाच्या दाव्याची निराधार धमकी दिली, तर ज्याचं नुकसान झालं तोच न्यायालयात जाऊन मनाई आणि भरपाई मागू शकतो. ‘आमच्याकडं पेटंट आहे’ एवढंच कळवणं मात्र धमकी ठरत नाही.

आता ‘आव्हान देता येत नाही’. पेटंट कायदा 1970 चा. त्याचं कलम 13 स्वतःच सांगतं की तपासणी झाली म्हणून पेटंट वैध असल्याची हमी मिळत नाही. मंजुरीआधी कुणीही विरोध नोंदवू शकतो. मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षापर्यंत हितसंबंध असलेला माणूस विरोध करू शकतो. त्यानंतरही कलम 64 खाली पेटंट रद्द करून मागता येतं.

हे कागदावरच राहत नाही. मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्या दोघांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता, ‘बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज’. भांडं लेथवर, म्हणजे वस्तू गरगर फिरवणाऱ्या मशीनवर, चिकटवून घासायचे, ते निसटून उडायचं आणि कामगाराला धोका व्हायचा. म्हणून एकानं ते टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या टेकूच्या, दाबानं धरायची पद्धत काढली आणि 1951 साली पेटंट घेतलं. उच्च न्यायालयात एका न्यायाधीशानं ते रद्द केलं, खंडपीठानं पुन्हा उभं केलं, आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायमचं मोडीत काढलं. माहीत असलेल्या गोष्टी एकत्र आणून केलेली सुधारणा ही निव्वळ वर्कशॉपमधल्या सुधारणेच्या पुढची हवी, हा त्या निकालाचा गाभा. त्या कामातल्या जाणकाराला जे सहज सुचेल, त्यावर मक्तेदारी नाही.

आता ही फूटपट्टी आपल्या जोडाला लावा. एकावर एक आलेल्या दोन कडांमधून तापलेली पाचर सरकते, आतल्या बाजू वितळतात, मागचे रोलर त्या दाबतात. दोन समांतर जोड मारले की मध्ये पोकळ नळी राहते. तिच्यात हवा भरायची, गेजवर दाब उतरला की गळती आहे. जगभर कचरा डेपोंच्या अस्तरांना कित्येक दशकं असेच जोड मारतात. एवढ्यावरच कुणी हक्क सांगत असेल, तर त्यात नवं काहीच नाही. थंडीत तापमान वाढवायचं किंवा मशीनचा वेग कमी करायचा, हेही रोज जोड मारणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

एक मात्र नाइलाजानं मान्य करतो. पद्धत साधी दिसते म्हणून तिला पेटंट मिळूच शकत नाही, असं नाही. धुळीच्या कागदावरही पक्का जोड देणारी पाचर कुणी खरोखर शोधली, तर ती पाहिल्यावर ‘यात काय विशेष’ म्हणणं सोपं आहे. प्रश्न असतो तो अर्जाच्या तारखेआधी जाणकाराला ती सुचली असती का, हा. आणि पद्धतीचं पेटंट वैध असेल तर ते मशीन विकणाऱ्यालाच नाही, शेतावर जोड मारणाऱ्यालाही लागू होतं.

दहा टक्क्यांचा नियम कायद्यात कुठंही नाही. पेटंटमधले दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगितलाय ते, काय म्हणतात आणि तुम्ही काय करता, एवढंच ताडून पाहिलं जातं.

म्हणून मेसेज पाठवणाऱ्याकडं आधी पेटंटचा नंबर मागा. नंबर मिळाला तर पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर दावे आणि अर्जाची तारीख फुकट पाहता येते. त्या तारखेआधीची आपल्या कामांची बिलं, मशीनची माहितीपत्रकं, तारीख असलेले फोटो जपून ठेवा. ती पद्धत भारतात आधीपासून उघडपणे वापरात होती हे सिद्ध झालं, तर कलम 64 खाली पेटंट रद्द व्हायला तेवढंही कारण पुरतं.