‘वेडेवाकडे सूर कुणीही वाजवेल’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

एरिक मोरकम आणि एर्नी वाइज या ब्रिटिश विनोदी जोडीच्या १९७१च्या नाताळ कार्यक्रमावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यातला तो प्रवेश, ज्यात आंद्रे प्रेव्हिन ऑर्केस्ट्रा चालवतो आणि एरिक मोरकम नॉर्वेच्या ग्रीग या संगीतकाराचा पियानो कन्चर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांची एकत्र रचना) वाजवायला बसतो. त्याखाली एका वाचकाने लिहिलं आहे : ‘वेडेवाकडे सूर वाजवून हसवायला काय लागतं? आमच्या गल्लीतलं पोरगंही करेल. गोऱ्यांनी केलं म्हणून कला. लेखात चुकाही आहेत.’

महाशय, मतभेदाला माझी कधीच हरकत नसते. नऊ वर्षांत इथली एकही प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही. पण ही बोलायची कुठली पद्धत? समोर चहाला बसलो असतो तर हेच शब्द वापरले असते का तुम्ही? लेख लिहिणाऱ्याने आठ दिवस घालवलेले असतात, आणि चार ओळींत त्याला झटकून टाकायचं, तेही नाव न लिहिता.

चुकांपैकी एक मान्य. हा प्रवेश त्या नाताळसाठी अगदी नव्याने सुचला, असं मी लिहिलं होतं. त्याच कल्पनेवर या दोघांनी बीबीसीत येण्याआधी, प्रेव्हिनशिवाय, एक प्रवेश केला होता. १९७१साठी त्यांचा लेखक एडी ब्रेबन याने तो नव्याने फुलवला. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ‘काय लागतं’ याबद्दल.

मी चौदा वर्षं पेटीची साथ केली आहे, म्हणून हे ऐकीव बोलत नाही. १९९४ साली एका हौशी फार्समध्ये मला मुद्दाम चुकीचं वाजवायचं होतं. पहिल्या प्रयोगात मी सूर चुकवला आणि प्रेक्षकांकडे बघितलं. सभागृह गप्प. दिग्दर्शक म्हणाले, ‘तुला तर ते बरोबरच वाटायला हवं.’ ते जमायला मला सहा प्रयोग लागले, सातव्याला लोक हसले. तुम्ही किती प्रयोग केलेत?

नेमकं हेच प्रेव्हिनला सांगण्यात आलं होतं : आपल्या तिघांपैकी कुणालाही यात काही गमतीचं आहे असं वाटता कामा नये. तेव्हा तो लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचा मुख्य कंडक्टर होता, चार ऑस्कर त्याच्या नावावर होती. आई आजारी म्हणून त्याला अमेरिकेला जावं लागलं, तालमी हुकल्या, आणि विमानतळावरून येताना त्याने टॅक्सीत संवाद पाठ केले. प्रवेशात, सोलो वाजवणारा प्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन नाही, एरिक आहे, हे कळल्यावर तो म्हणतो, बॅटन (ऑर्केस्ट्रा चालवायची काठी) घेऊन येतो, शिकागोला आहे. ते वाक्य तो इतक्या कोरड्या चेहऱ्याने आणि इतक्या अचूक वेळी टाकतो की एरिकचा चेहरा उजळतो. या माणसाला जमतंय, हे त्याला तिथेच कळलेलं दिसतं.

आणि तो ग्रीग! कन्चर्टोची सुरुवात टिंपनीच्या (नगाऱ्यासारख्या मोठ्या वाद्याच्या) एका छोट्या कडकडाटाने होते आणि लगेच पियानोला उडी घ्यावी लागते. एरिकची तक्रार काय, तर सुरुवातीचा भाग आखूड आहे, एखादा यार्ड वाढवा. मूळ रचना ठाऊक असलेल्याने लिहिलेली ओळ आहे ही. ऑर्केस्ट्रा गंभीरपणे खरा ग्रीग वाजवतो, आणि एरिक त्यातल्याच मुखड्याची ठेक्यात ठोकाठोक करतो. प्रेव्हिन ऑर्केस्ट्रा थांबवतो, तेव्हा एरिक उठून त्याच्या कोटाची कॉलर धरतो आणि सांगतो, सगळे सूर बरोबरच वाजवतोय, फक्त क्रम बरोबर असेलच असं नाही. त्या धरण्यात राग नाही, समजूत घालणं आहे. एर्नी मध्ये उभा राहून मान राखायची धडपड करत असतो. तो नसता तर हा प्रवेश नुसता गोंधळ झाला असता. एर्नीबद्दल कुणीच बोलत नाही, तुम्हीही नाही.

गल्लीतल्या पोराला हे जमत असेल, तर त्याचं रेकॉर्डिंग पाठवा. मी मनापासून बघेन.

‘गोऱ्यांनी केलं म्हणून’ यावर उत्तर द्यायची माझी इच्छा नाही. याच ब्लॉगवर दशावतारावर तीन लेख आहेत, ते न वाचताच माझी आवड कुठून आली हे तुम्ही ठरवून टाकलंत. उरलेल्या चुका कुठल्या ते तुम्ही सांगितलेलं नाही. सांगा, तपासून बघतो. आणि त्याआधी तो प्रवेश पुन्हा एकदा बघा, एरिककडे दुर्लक्ष करून फक्त प्रेव्हिनच्या चेहऱ्याकडे.